मामाच्या हॉलसाठी समुद्र

आमच्याकडं पेंटर म्हटलं की दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव, शाळेच्या भिंतीवर पाढे अन् महाराष्ट्राचा नकाशा, पोळ्याच्या टायमाला बैलाची शिंगं, तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यांचे लाकडी नंदी, असं वर्षभर काही न काही चालायचं. फ्लेक्स आलं अन् पाट्या गेल्या. मी चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेडची परीक्षा पास आहे, ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करायचं राहून गेलं, पण हातातला ब्रश काही सुटला नाही. सध्या घरच्या शेतीत असतो अन् मधेमधे असली कामं घेतो. तर परतवाड्याकडच्या एका खेड्यात बसून, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे तिथून, तीन बाय चार फुटाचा खराखुरा वाटणारा समुद्र कसा काढला ते लिहून राहिलो. कोणाला काढायचा असला तर कामी येईल.

ऑर्डर मामाची होती. मामानं नवीन स्लॅबचं घर बांधलं, हॉलमध्ये सोफ्यामागची भिंत मोकळी होती, तिथं सीनरी पाहिजे. मी म्हटलं, मामा, चिखलदरा काढून देतो, नाहीतर संत्र्याची बाग. तर म्हणे, "बाग तं दारातच हाये अन् चिखलदरा म्या शंभरदा पाह्यला. समुद्र काढ. मोठा कडा पाह्यजे अन् खाली लाटा आपटून राह्यल्या पाह्यजे. पण खराखुरा काढजो बे, कॅलेंडरवाला निळा निळा नोको." मामानं जन्मात समुद्र पाहिला नाही. ज्यानं पाहिला नाही त्याला खरा कोणता अन् खोटा कोणता हे कसं समजते हा प्रश्न मला तेव्हा पडला होता, पण समजते राजेहो, बरोबर समजते.

मी एकदा हरिहरेश्वरला जाऊन आलो होतो. बडनेऱ्याहून रेल्वेनं मुंबई अन् तिथून एसटीनं श्रीवर्धनकडं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, रायगड जिल्ह्यात आहे, देवळाच्या मागून प्रदक्षिणेची वाट जाते, दोन कड्यांच्या मधल्या अरुंद खाचेतून पायऱ्या थेट समुद्रात उतरल्यासारख्या वाटतात. खालचा भाग ओहोटीतच पार करायचा असतो, भरतीला पाणी वाटेवर येते. तिथं कड्याला बारीक बारीक खड्डे पडलेले आहेत, जाळीच म्हणा. खारं पाणी दगडात मुरते, वाळते, मिठाचे खडे तयार होतात अन् ते दगडाचे कण सुटे करत जातात, त्यानं ती नक्षी होते. तिथले बरेच फोटो अन् व्हिडिओ मोबाईलमध्ये होते. चित्र फोटोवरून काढलं का असं कोणी विचारलं तर हो अन् नाही दोन्ही, कारण फोटोत कड्याची सावली नुसती काळी ठिक्कर येते अन् फेस नुसता पांढरा फटक येतो, मधलं सगळं मोबाईल खाऊन टाकते. अन् चित्राला तेच मधलं लागते.

तिथं उभं राहून माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती समुद्राची नाही, दगडाची. हा तर आपलाच दगड! आमच्या इकडं विहीर खोदताना काळी माती, मग मुरूम, मग जो काळा पाषाण लागतो अन् सुरुंग लावल्याशिवाय हलत नाही तोच. चिखलदऱ्याचे कडेही त्याचेच. साडेसहा कोटी वर्षांआधी लाव्हा जमिनीच्या भेगांतून निघून थरावर थर पसरत गेला, त्यातला आज जो उरला आहे तो अंदाजे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, कोकणापासून वऱ्हाडापर्यंत अन् पुढंही. आपलं लोणार त्याच दगडात खोदल्या गेलं. रत्नागिरीकडं वरून लाल जांभा असतो, ते वेगळं, पण खाली गेलं की काळाच. म्हणजे चित्रातला निम्मा भाग माझ्या गावात फुकट पडलेला होता अन् मी उगाच समुद्र दूर आहे म्हणून रडत होतो.

गावाबाहेर एक बंद पडलेली गिट्टीची खदान आहे. दुपारी चारच्या सुमाराला स्केचबुक घेऊन तिथं जायचो. चारचीच वेळ का, तर कोकण किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी ऊन डोंगराच्या मागून येते, कडा सावलीत असते. मला दक्षिणेकडं पाहणारं चित्र पाहिजे होतं, डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला पाणी, हिवाळ्यातलं चारचं ऊन नैऋत्येकडून आलेलं. म्हणजे कड्याच्या पुढं आलेल्या बाजूंवर ऊन अन् खाचांत सावली, अन् लाटांच्या मागून उजेड. खदानीची पश्चिमेकडं तोंड असलेली भिंत बरोबर तोच हिशेब दाखवत होती. आपला काळा दगड उन्हात काळा नसते हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. उन्हातली बाजू मातकट राखाडी, कुठं तांबूस, अन् सावलीतली बाजू निळसर, कारण तिथं सूर्य नाही तर आभाळ उजेड देत असते. मी काळ्या रंगाची ट्यूब या चित्रात उघडलीच नाही. अल्ट्रामरीन निळा अन् तांबूस बर्न्ट सिएना मिसळला की असा जिवंत काळा तयार होते की बस. सिएना थोडा जास्त टाकला की उन्हाकडं जाते, निळा जास्त टाकला की सावलीकडं, पांढरा अन् पिवळा ऑकर टाकत गेलं की कड्याच्या सगळ्या छटा या चार ट्यूबांतूनच निघतात.

एक गोष्ट तिथंच केली. बादलीभर पाणी खदानीच्या भिंतीवर फेकलं अन् ओला दगड कोरड्याच्या शेजारी ठेवून रंग मिसळून पाहिले. ओल्या दगडावर पाण्याचा पातळ थर असते, उजेड त्यात अडकून पुन्हा दगडात जाते म्हणून दगड गडद दिसते, अन् जिथं सपाटी आभाळाकडं आहे तिथं चमक मारते. समुद्राच्या कड्याला खालून एक ओला काळा पट्टा असतोच, भरती जिथवर चढते तिथवर. तो पट्टा नाही काढला तर कडा अन् पाणी एकमेकांना शिवतच नाहीत, कडा वरून आणून ठेवल्यासारखा दिसते. खदानीत पावसाचं पाणी साचलेलं होतं ते हळूहळू उतरत होतं, त्याच्या कडेला असाच पट्टा होता, आयताच. तिकडून एक म्हातारा शेळ्या घेऊन जायचा, मला बादल्या फेकताना पाहून म्हणे, "काय बे, गोट्याले आंघोळ घालून राह्यला काय?" आता काय सांगायचं त्याला.

आता सामान. ऑइल कलरच घेतला. आमच्या इकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जाते, तेव्हा ॲक्रिलिकचा रंग पॅलेटवरून कॅनव्हासपर्यंत पोचेस्तोवर वाळून जाते, अन् समुद्रात तर रंग एकमेकांत ओलेच मिसळावे लागतात. हे काम दिवाळीनंतर धरलं होतं म्हणून ॲक्रिलिकनं चाललं असतं, पण ऑइलची खोली वेगळीच. ऑइल कलरमधलं लिन्सीड म्हणजे आपल्या जवसाचं तेल, ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो. आई म्हणे मग विकतचं कायले आणतो, घाण्यावरून आणलेलं आहे न घरात. पण घाण्याचं कच्चं तेल चिकट राहते, उशिरा वाळते अन् पिवळं पडते, रंगासाठी रिफाइन केलेलंच घ्यावं लागते. ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्या क्रियेत उष्णता निघते, अन् हे फार महत्त्वाचं आहे म्हणून थांबून सांगतो. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकल्या तर उष्णता बाहेर जायला जागा मिळत नाही, आतल्या आत वाढत जाते अन् चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही, काही लागत नाही. अन् आमच्या घरात त्या टायमाला अर्धी खोली कापसानं भरलेली! मी चिंध्या बाहेर अंगणात दगडावर पसरून, कडक वाळू देऊन मगच फेकायचो, अन् पेंटिंगचं काम पडवीत. शेतकऱ्याच्या घरात ऑइल पेंटिंग करणाऱ्यानं बाकी सगळं विसरावं, पण हे विसरू नये.

कॅनव्हासला आधी पातळ बर्न्ट सिएनाचा हात मारला, टर्पेंटाइनमध्ये, तेल न घालता. पहिले थर पातळ अन् कमी तेलाचे, वरचे थर जास्त तेलाचे, हा ऑइलचा नियमच आहे, उलटं केलं तर वरचं आधी वाळते अन् खालचं हालत राहते, मग तडे जातात. त्या तांबूस रंगाचा फायदा असा की वर थंड निळे-राखाडी रंग टाकले तरी मधूनमधून खालचा गरम रंग डोकावते अन् चित्र बर्फासारखं गार पडत नाही.

मग क्षितिज. मास्किंग टेप लावून, लेव्हल ट्यूबनं चेक करून ओढलं, मिस्त्री वापरतात ती. समुद्राची रेघ केसभर तिरकी झाली तरी पाणी एका बाजूनं सांडून राहिल्यासारखं वाटते अन् मग कितीही चांगली लाट काढा, काही उपयोग नाही. ही रेघ नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर दिसते, पन्नास मीटर उंच कड्यावर चढला तर पंचवीस किलोमीटरवर. मी पाहणाऱ्याला खालून थोड्या वरच्या खडकावर उभं केलं अन् क्षितिज मधोमध न ठेवता वरच्या तिसऱ्या हिश्शात घेतलं, कारण मामाला लाटा पाहिजे होत्या, आभाळ नाही. अन् इथं आपला दगड पुन्हा कामी आला. लाव्ह्याचे थर आडवे असतात, म्हणून कड्यावरच्या भेगा अन् टप्पे ही रेल्वेच्या रुळासारखी पर्स्पेक्टिव्ह दाखवतात, क्षितिजाच्या वरचे टप्पे दूर जाताना खाली उतरतात, खालचे टप्पे वर चढतात, सगळे क्षितिजाकडं. हे जमलं की कडा लगेच आत जाते, नाही जमलं तर पडद्यावर काढलेला नाटकाचा डोंगर.

रेघ ओढून टेप काढली की मात्र ती धार मऊ करून टाकायची. कोकणात हिवाळ्यातही दूरवर धुरकट असते, पाणी अन् आभाळ जिथं भेटतात तिथं दोघांचा रंग जवळजवळ एकच, पाणी किंचित गडद. मागं बाणकोटकडचा डोंगर घेतला, सावित्री नदी तिथंच समुद्राला मिळते, तो फक्त निळसर राखाडी, दोन छटांत, आत काहीच डिटेल नाही. डिटेल टाकायचा मोह होते, हात शिवशिवते, पण दूरच्या डोंगरावर झाड दिसलं की तो डोंगर पुढं येऊन बसते.

पाण्याचं काम सगळ्यात जास्त चाललं. आधी अप्पर वर्धा धरणावर जाऊन बसलो होतो वारं असलेल्या दिवशी, पण धरणाची लाट अन् समुद्राची लाट यात फरक आहे. वारं जितक्या लांब पाण्यावरून येते तितकी लाट मोठी होते. धरणात वाऱ्याला पळायला जागा नाही, सगळ्या लाटा बुटक्या अन् जवळजवळ. समुद्रात शेकडो किलोमीटरवरून लाट येते. पण धरणावर एक गोष्ट नीट पाहून घेतली, दूरचं पाणी खालच्या आभाळाचा रंग घेते अन् पायाजवळच्या पाण्यात आपण आत पाहतो, तळ दिसते. समुद्रातही तसंच, दूर राखाडी-निळा, जवळ हिरवट, त्यात कोकण किनाऱ्याला गाळ असते म्हणून थोडा मातकटपणा. एवढ्यासाठी निळ्यात ऑकर अन् सिएना टाकत गेलो. मामाला कॅलेंडरवाला निळा नको होता तो असा गेला.

लाट समजून घ्यायला व्हिडिओ स्लो करून, थांबवून थांबवून पाहिले. लाट फुटते कधी, तर पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की. तळ लाटेचे पाय धरते, डोकं पुढं जाते, अन् कोसळते. म्हणून जिथं कड्याखाली एकदम खोल आहे तिथं लाट गुंडाळत नाही, सरळ आपटून वर उडते अन् मागं फिरते, अन् मागं फिरलेली नवीन येणारीला भिडते, तिथं पाणी नुसतं खळबळते. हरिहरेश्वरला कड्याखाली सपाट खडक आहे, तिथं मात्र लाट फुटून पसरते. मी दोन्ही ठेवलं, जवळ सपाट खडकावर फुटणारी एक लाट अन् मागं कड्याच्या कोपऱ्यावर आपटणारी. फुटायच्या आधी लाटेचा माथा पातळ होते अन् मागून ऊन आलं की तिथं हिरवा काच पेटते, तो रंग व्हिरिडियन, जरासा पिवळा अन् पांढरा, अन् अख्ख्या चित्रात तो बोटभर जागेतच. जास्त लावला की बाटलीच.

फेसाचं सांगतो, कारण तिथंच बहुतेकांचं चित्र पडते. फेस पांढरा नसते. सावलीतला फेस निळसर-जांभळट राखाडी असते, उन्हातला किंचित पिवळट, अन् ट्यूबमधला निव्वळ टायटॅनियम व्हाइट फक्त दोन-चार ठिपक्यांना. चेक करायचं असलं तर कोरा कागद चित्राशेजारी धरा. अन् फुटलेल्या लाटेमागं पाण्यावर जी फेसाची जाळी राहते तिला पण पर्स्पेक्टिव्ह असते. मी संत्र्याची जाळीची पिशवी फाडून पडवीत जमिनीवर पसरली अन् बसून पाहिली. जवळची भोकं गोल, दूरची चपटी होत होत नुसत्या रेघा. लाटेच्या पोटावर जाळी चढते तिथं भोकं उभी ताणतात, म्हणून पिशवीखाली पाण्याचा पाइप घातला अन् तेही पाहिलं. मोबाईलवर दहा मिनिटात समुद्र काढून दाखवणारे फॅन ब्रशनं ठप ठप करून फेस उमटवतात, त्यानं फेस दिसते पण तो कोणत्या पाण्यावर आहे ते दिसत नाही. मला ते पटत नाही. फॅन ब्रश मी फक्त उडणाऱ्या तुषारांच्या कडा पुसट करायला वापरला, अन् बारीक शिंतोडे जुन्या टूथब्रशनं. कड्याला उलट चाकू, पॅलेट नाइफनं रंग ओढला की दगडाची तुटकी धार आपोआप येते.

हे सगळं समुद्रापासून इतक्या लांब बसून करणं म्हणजे चीटिंग वाटलं कोणाला तर आयवाझोव्स्की या चित्रकाराचं पाहा. 1817 ते 1900, काळ्या समुद्रावर क्रिमियातल्या फिओदोसियाचा, जवळपास सहा हजार चित्रं, बहुतेक समुद्राचीच. समुद्र दारात असून तो स्टुडिओत बसून आठवणीतून काढायचा, त्याचं म्हणणं होतं की लाट, वीज, वाऱ्याचा झोत हे समोर बसून ब्रशनं पकडता येत नाही. उलटं पाहायचं तर फ्रेंच चित्रकार मोने. तो फ्रान्समध्ये एत्रताच्या कड्याखाली जागेवर जाऊन रंगवायचा अन् 1885 मध्ये एका लाटेनं त्याला कड्यावर आपटलं, कॅनव्हाससकट सगळं सामान नेलं. मी आयवाझोव्स्कीच्या पार्टीत. बाकी एत्रताचा कडा खडूचा, पांढरा आहे, त्याचे रंग आपल्या काळ्या कड्याला काही लागू होत नाहीत, इंटरनेटवरचे गोरे गोरे कडे पाहून कोकण काढायला बसू नका.

शेवटी चित्राचा मोबाईलनं ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. रंग काढून टाकले की गडद-फिका हिशेब उघडा पडते. त्यात कड्याची सावली अन् ओला पट्टा एकच झालेले दिसले, म्हणून सावलीत खालून पाण्याचा परावर्तित उजेड घातला, हिरवट, अगदी हलका. तेवढ्यानं कडा पाण्यावर उभा राहिला.

रंग हाताला लागेनासा झाल्यावर ट्रॉलीत गादीवर आडवा टाकून मामाच्या घरी नेला. मामा बराच वेळ पाहत राहिले, मग जवळ जाऊन कड्यावर बोट ठेवत म्हणे, "हा गोटा तं आपल्या विहिरीतला हाये न बे!" मी म्हटलं हो मामा, तोच. म्हणे "मंग समुद्रबी खराच असंल." पैशाचं बोलणं झालंच नाही, तुरीचा कट्टा ट्रॉलीत चढवून दिला, तुरीचा भाव पाहता मी काही बोललो नाही.

मामीचं मात्र समाधान नाही. मोकळं मोकळं वाटते म्हणून तिनं आधीच एक डोंगा टाकायला सांगितला होता, तो मी टाकला, क्षितिजाच्या जरा खाली, मासेमारीची होडी, करड्या रंगात. मामी म्हणते चष्मा लावून शोधावा लागते, असा कसा डोंगा. वार्निश अजून मारलेलं नाही, ऑइल आतून पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्ष जाते, तर उन्हाळा काढून पावसाळ्यानंतर मारीन म्हणतो. तोवर डोंगा मोठा कर असा मामीचा दर फोनला तगादा आहे. मी सांगितलं, मामी, तो जितका मोठा करीन तितका जवळ येते, अन् जवळ आला तर त्या खडकावर आपटून फुटते. तर म्हणे, "मंग खडक थोडे कमी कर नं."